मोबाइल किती तास बघता ते सोडा, त्याला काय देऊन बसलात ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात आणि एकूणच सगळीकडे मोबाइलच्या वेडावर जे काही छापून येतं ते मी आवर्जून वाचते, आणि दर वेळी वाचून झालं की वाटतं, मुद्दा निसटला. सगळी चर्चा तासांवर येऊन थांबते. किती तास स्क्रीन बघितली, मुलांनी किती बघावी, झोपायच्या आधी फोन किती वेळ बाजूला ठेवावा वगैरे. अहो पण तासांनी काय कळतं? एखादी आजी लांब राहणाऱ्या नातवाशी दोन तास व्हिडिओ कॉलवर बोलत बसते, आणि एखादा माणूस बायकोला लिहायचं माफीचं पत्र दोन मिनिटांत अ‍ॅपकडून लिहून घेतो नि पाठवून मोकळा होतो. तासांच्या हिशोबात आजी वाया गेली आणि तो माणूस शहाणा ठरला!

मला विचाराल तर बघायचं ते एवढंच की कुठलं काम आपण मशिनला दिलं. काही कामं दिली तर आपलं काही जात नाही, गुणाकार भागाकार दिला तर दिला. पण काही कामं अशी असतात की ती करता करताच आपण आपण होतो. काय लक्षात ठेवायचं, कुठल्या शब्दांत बोलायचं, आज आपल्याला बरं वाटतंय की नाही हे स्वतः ठरवायचं. ही कामं दुसऱ्याच्या हातात गेली की मागे उरतो तो माणूस कोण, हा प्रश्न मला गेले बरेच दिवस सतावतोय म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल.

आधीच सांगते, मी मशिनच्या विरोधात अजिबात नाही. माझ्या मामांना कानाचं मशिन लागून बरीच वर्षं झाली. त्याच्या आधीचा काळ घरातल्या सगळ्यांना आठवतो. कुठलाही विषय निघो, मत दिल्याशिवाय न राहणारा माणूस, तो हळूहळू कोपऱ्यात बसून नुसती मान हलवायला लागला. आम्हाला वाटलं वय झालं, स्वभाव बदलला. मशिन बसलं आणि बघता बघता जुने मामा परत आले, वाद घालणारे, मधेच तोडून बोलणारे. सुरुवातीला ते मशिन कुईंकुईं करायचं, मग ते बोटानं चाचपून कानात नीट दाबायचे, डाळीएवढी बॅटरी नखानं उचकटून नवी घालायचे, रात्री न चुकता डबीत ठेवायचे. आता कोणी म्हणेल मामा मशिनवर अवलंबून आहेत. आहेतच की. पण त्यामुळे ते कमी मामा झाले का, तर उलट. आणि एक गोष्ट मी नीट बघितलीय, ते कधी घालायचं, कधी काढायचं, आवाज किती ठेवायचा हे सगळं त्यांच्या बोटात आहे, गर्दीत कमी करतात, नातवंडं आली की वाढवतात. मशिन ऐकवतं, काय बोलायचं ते मामा बघतात.

याच्याही पुढचं उदाहरण म्हणजे ब्लॅक होलवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग. आजारानं हातपाय आधीच जात चालले होते, त्यात १९८५ साली न्यूमोनिया झाला, जीव वाचवायला श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि बोलणं कायमचं गेलं. मग अमेरिकेतून शब्द निवडायचा प्रोग्रॅम आणि ते शब्द मोठ्यानं बोलणारं यंत्र आलं. त्या यंत्रातला आवाज मुळात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या डेनिस क्लॅट नावाच्या संशोधकाचा, त्यानं स्वतःच्या आवाजावरून तो घडवला होता. म्हणजे बघा, इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस, त्याच्या तोंडी अमेरिकन उच्चार, तेही दुसऱ्याच्या घशातले आणि वर यांत्रिक. पुढे कितीतरी चांगले, हुबेहूब माणसासारखे आवाज निघाले पण हॉकिंगनी ते घेतले नाहीत, तोच जुना आवाज ठेवला, कारण तो आता त्यांचा झाला होता. १९८०च्या दशकातली ती सर्किट बोर्डं म्हातारी झाली, बिघडली तर नवी आणायची कुठून अशी वेळ आली तेव्हा इंजिनिअर लोकांनी वर्षानुवर्षं खपून तोच्या तोच आवाज सॉफ्टवेअरमध्ये उतरवला, आणि २०१८ साली, जायच्या थोडंच आधी, हॉकिंगनी तो ऐकून पसंत केला. जगात कोणीही तो आवाज ऐकला की क्लॅटचं नाव घेत नाही, हॉकिंगचंच घेतं.

शेवटच्या काळात गालाचा एक स्नायू तेवढा हलायचा, चष्म्यावर बसवलेला सेन्सर ती हालचाल टिपायचा, आणि एका मिनिटाला जेमतेम एखादा शब्द व्हायचा. मग इंटेल या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी त्यात स्विफ्टकी या कीबोर्ड अ‍ॅपचं पुढचा शब्द सुचवणारं तंत्र घातलं, आपल्या फोनच्या कीबोर्डवर असतं ना, साधारण तसंच. फरक एवढाच की ते शिकवलं हॉकिंगच्याच लिखाणावर, छापलेल्या आणि न छापलेल्याही. त्यामुळे ब्लॅक निवडलं की होल पुढे हजर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुचवणारं मशिन होतं, पण ते त्यांचंच त्यांना सुचवत होतं, आणि घ्यायचं की नाही ते शेवटी त्या गालावर होतं.

तर मशिन माणसात मिसळलं म्हणून माणूस बाटला असं मी म्हणणार नाही, म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो, कारण ते बहुतेक धडधाकट असतात. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी १९९८ साली एक छान कल्पना मांडली होती. ओट्टो नावाचा एक माणूस आहे असं समजा, त्याला अल्झायमर झालाय, तो सगळं वहीत लिहून ठेवतो. त्याला म्युझियमला जायचंय, तो वही काढतो, पत्ता बघतो, जातो. दुसऱ्या बाईला तोच पत्ता आठवतो नि ती जाते. त्या दोघा तत्त्वज्ञांचं म्हणणं, यात मूलभूत फरक काही नाही, ओट्टोची वही हा त्याच्या मनाचाच भाग आहे, फक्त कवटीच्या बाहेर आहे. मला हे पटतं. ओट्टोची वही कोणी फाडली तर तो नुसता वस्तूचा तोटा नाही, त्या माणसालाच दुखापत केल्यासारखं आहे.

हे वाचून लोक लगेच म्हणतात की मग आपला फोन म्हणजे आपली ओट्टोची वहीच झाली की. इथे थांबायला पाहिजे. ओट्टोच्या वहीत जे होतं ते ओट्टोनं लिहिलेलं होतं. वही कायम त्याच्याजवळ होती आणि रात्री तो झोपल्यावर कोणी येऊन पानं मागेपुढे करत नव्हतं, कुठलं पान आधी उघडायचं ते ठरवत नव्हतं, मधेच जाहिरात घालत नव्हतं, आणि एके दिवशी वहीच काढून घेत नव्हतं. आपल्या फोनमध्ये यातलं सगळं होतं.

आठवणींचंच घ्या. फोन सकाळी सकाळी आपणहून काढून दाखवतो, चार वर्षांपूर्वी आजच्या दिवशी तुम्ही इथे होतात, मागे संगीत, फोटो सरकतायत. छान वाटतं, मलाही वाटतं. पण निवडलं कोणी? डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका वेब डिझायनर वडिलांना फेसबुकनं असंच सरत्या वर्षाचं पान बनवून दाखवलं, मधोमध त्यांच्या लहान मुलीचा फोटो आणि भोवती पार्टीत नाचणाऱ्या माणसांची चित्रं. ती मुलगी त्याच वर्षी कॅन्सरनं गेली होती. त्या वडिलांनी त्याबद्दल लिहिलं, कोणावर आगपाखड न करता लिहिलं, कंपनीनं माफीही मागितली. दुष्टपणा कोणीच केला नव्हता, सगळ्यात जास्त प्रतिसाद मिळालेला फोटो उचलायचा एवढंच त्या प्रोग्रॅमला माहीत. पण आपण आठवण काढतो तेव्हा तेवढंच करत नाही ना. काही आठवणी आपण मुद्दाम मागे ठेवतो, काही नको त्या वेळी आल्या तर परतवतो, काही हळूहळू बदलतो, मऊ करतो. माणूस दुःखातून सावरतो तो असाच. ते काम ज्याला प्रतिसादांचे आकडे तेवढे कळतात त्याच्याकडे कसं द्यायचं?

आणि फोटो काढला म्हणजे लक्षात राहिलं असंही नाही. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका म्युझियममध्ये फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू मुलांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. हा प्रयोग २०१४ साली छापून आला. त्यातली गंमत पुढे आहे, ज्यांनी झूम करून एखाद्या भागाचा फोटो घेतला त्यांची आठवण तशी कमी झाली नाही. म्हणजे कॅमेरा वाईट नव्हता. काय बघायचंय हे ठरवून जो बघतो त्याचं राहतं, जो सगळंच कॅमेऱ्यावर सोडून पुढे जातो त्याचं जातं. मला तर या एका प्रयोगात सगळं आलं असं वाटतं.

आता वही काढून घेण्याबद्दल. २०१९ मध्ये मायस्पेस या गाणी-फोटो चढवायच्या जुन्या वेबसाइटनं सांगितलं की सर्व्हर बदलताना जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गेले, बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत, परत मिळणार नाही. कितीतरी पोरांचं पहिलं गाणं तेवढ्या एका ठिकाणी होतं. त्याहून अंगावर येणारी गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची, २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सनं छापली होती. लहान मुलाला दुखत होतं, दवाखान्यातून सांगितलं फोटो पाठवा, त्यानं काढले, पाठवले. गुगलच्या यंत्रणेनं ते फोटो मुलांच्या शोषणाचे समजून खातंच बंद केलं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा काही झालेला नाही असं सांगितलं तरी खातं परत मिळालं नाही. ईमेल गेला, फोन नंबर त्याच कंपनीचा होता तो गेला, मुलाच्या पहिल्या वर्षांचे फोटो गेले, ओळखीच्यांचे नंबर गेले, आणि बाकीच्या ठिकाणी लॉगइन करायला जो कोड येतो तो पण त्याच नंबरवर येणार, म्हणजे तेही दार बंद. जग त्याला ज्या ज्या खुणांवरून ओळखत होतं त्यातल्या बऱ्याचशा एका कंपनीच्या एका निर्णयानं पुसल्या गेल्या. मुलांच्या शोषणाविरुद्ध कडक राहावं यात वादच नाही, पण शहानिशा झाल्यावर ऐकून घ्यायला एक माणूस तरी नको का?

रस्ते सापडण्याचं थोडक्यात सांगते कारण ते सगळ्यांना माहीत आहे. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी साधारण २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, आणि मेंदूच्या अभ्यासक एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा नि रस्ते लक्षात ठेवायला लागणाऱ्या अवयवाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. आता मला लंडनचे रस्ते पाठ नकोत आणि मॅप लावून गाडी चालवणारे सगळे बावळट असंही नाही. रस्ता मी देऊन टाकला, बिनधास्त. माझ्या लेखी रस्ता गेला म्हणून मी गेले नाही. ज्याचा तो अभिमानाचा विषय असेल त्यानं ठेवावा. प्रत्येकानं काय द्यायचं याची यादी वेगळी असणार आणि ती असलीच पाहिजे.

शब्दांच्या बाबतीत मात्र मला तडजोड करवत नाही. मी ऑफिसात दिवसभर ईमेलच लिहिते त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर असतं. मेल उघडला की खाली तीन बटणं तयार. परवा बरोबरच्या एका मुलीचा मेल आला की मी नोकरी सोडतेय. खाली बटणं होती, ऑल द बेस्ट, अरे वा अभिनंदन, तुझी आठवण येईल. तिन्हीत चूक काही नाही, कुठलंही दाबलं असतं तर तिला राग आला नसता. पण मला जे म्हणायचं होतं ते या तिन्हीत कुठेच नव्हतं. मला तिचा थोडा राग आला होता, तिनं आधी सांगितलं नाही म्हणून, आणि बरंही वाटलं होतं कारण इथे तिची कुचंबणा होत होती हे मी बघत होते, आणि थोडा हेवापण वाटला होता. हे सगळं लिहायला बसले तेव्हा मला नीट कळलं की मला काय वाटतंय. बटण दाबलं असतं तर तिला तर कळलं नसतंच, मलाही कळलं नसतं. सगळ्यात जास्त काळजी मला याचीच वाटते. आधी भावना पूर्ण तयार असते आणि मग आपण तिला शब्द घालतो असं फार कमी वेळा होतं, बहुतेक वेळा शब्द शोधता शोधताच ती आकाराला येते. शोधणंच बंद झालं तर आपल्याला सगळ्यांसारखंच वाटायला लागेल, तीन बटणांपैकी एक.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांच्या टीमनं १,५०६ लोकांवर केलेला एक प्रयोग २०२३ साली छापून आला. विषय दिला, सोशल मीडिया समाजासाठी चांगला की वाईट, आणि लिहायला मदतीला एआय दिला. काहींचा एआय गुपचूप चांगलं म्हणायच्या बाजूला झुकवलेला, काहींचा वाईट म्हणायच्या. लोकांनी लिहिलं ते एआयच्या बाजूला झुकलं, ते एक वेळ समजू शकतो. पण नंतर वेगळं विचारलं की तुमचं स्वतःचं मत काय, तर तेही त्याच बाजूला सरकलं होतं. आणि आपल्याला कोणी ढकलतंय हे बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणजे वाक्य पूर्ण करायला दिलं आणि मत बदलून परत आलं. हॉकिंगच्या मशिनला हॉकिंगच सुचवायला शिकवलं होतं. आपल्या मशिनला कोण सुचवायला शिकवतंय हे आपल्याला कोणी सांगतं का?

माझ्या एका मैत्रिणीचे वडील गेले. काही दिवसांनी भेटायला गेले तेव्हा तिनं फोन माझ्या हातात दिला, म्हणाली वाच. सांत्वनाचे मेसेज, अंगठ्यानं वर सरकवत गेले तरी संपेनात, आणि वाक्यं जवळजवळ तीच. या कठीण काळात तुम्हाला बळ मिळो, त्यांच्या आठवणी सदैव सोबत राहतील, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत. यातले कुठले माणसानं लिहिले नि कुठले मशिननं ते मला सांगता येणार नाही, मुद्दा तोच आहे, ते आता सांगताच येत नाही. लोकांच्या मनात खरंच दुःख असेल, असणारच, पण ते त्या मेसेजमध्ये पोचलंच नव्हतं. एक मेसेज तिनं वेगळा जपून ठेवला होता. तिच्याबरोबर शाळेत असलेल्या एका मुलाचा. ना पूर्णविराम ना शुद्धलेखन, काकांनी मला सायकल शिकवली मी आपटलो तेव्हा त्यांनी आधी सायकल उचलली आणि मग मला ओरडले, सकाळपासून मला तेच दिसतंय, काय बोलू कळत नाही. एवढंच. ती म्हणाली हा वाचून मी पहिल्यांदा रडले. त्या मेसेजमध्ये तिचे वडील होते आणि लिहिणाराही होता. बाकीच्यात दोघंही नव्हते.

यावर कोणी म्हणेल की लोक पूर्वीपासून दुसऱ्याकडून पत्रं लिहून घेत आलेत, शिकलेला माणूस गाठायचा आणि त्याला सांगायचं, असं असं लिहा. खरंय. पण सांगायला तर लागायचं! मुलाला लिहा की छप्पर गळतंय पण काळजी करू नको, असं त्या बाईला आपल्या तोंडानं म्हणावं लागायचं, आणि लिहिणाराही तिला ओळखायचा, मधे थांबवून विचारायचा की अगं हे खरंच लिहू का. आता सांगावंही लागत नाही. विषय टाकला की हवा तो सूर लावून पत्र बाहेर.

माझ्या भाचीचं मैत्रिणीशी वाजलं होतं. ती फोनवर अ‍ॅपला विचारत होती, काय उत्तर देऊ. मी म्हटलं, तुला काय म्हणायचंय? तर म्हणाली, मावशी ते मला कळत नाहीये म्हणूनच तर विचारतेय. मी तिला दोष देत नाही, त्या वयात कळत नसतंच. पण न कळण्याच्या त्याच दोन-चार दिवसांत माणूस घडतो हो. तळमळतो, लिहितो, खोडतो, बहिणीला विचारतो, चुकीचं बोलून बसतो, परत जाऊन सांगतो मला तसं म्हणायचं नव्हतं. पुढच्या वेळी त्याला स्वतःबद्दल थोडं जास्त माहीत असतं. मोठ्या माणसानं मशिनकडून पत्र लिहून घेतलं तर त्याच्याजवळ आधी घडलेलं काहीतरी असतं, त्याच्याशी तो ताडून बघू शकतो, हे माझं नाही, हे जरा जास्तच गोड झालंय. सोळा वर्षांच्या मुलीनं कशाशी ताडायचं? म्हणून मुलांसाठी तासांची मर्यादा घालणाऱ्या आईबापांना मला सांगावंसं वाटतं, तासांचं जरा कमी-जास्त झालं तर चालेल, पण भांडण, माफी, प्रेम आणि शोक यांचे शब्द त्यांचे त्यांना शोधू द्या, कितीही वेडेवाकडे आले तरी.

अजून एक राहिलं, आकड्यांचं. मनगटावरचं घड्याळ सांगतं आज दहा हजार पावलं झाली नाहीत, आणि छान फिरून आलेल्या माणसाचा चेहरा पडतो. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून तर १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच दहा हजार पावलांवरून ठेवलं होतं. आधी संशोधन आणि मग आकडा असं काही झालं नव्हतं. २०१९ साली अमेरिकेत वयस्क बायकांवर अभ्यास झाला त्यात फायदा साडेसात हजारांच्या आसपासच स्थिरावलेला दिसला. चालावं, मोजावं, कोणाला त्यानं हुरूप येत असेल तर उत्तमच. पण झोपेचं बघा. २०१४ साली एक प्रयोग छापून आला, लोकांना एक खोटंखोटं मशिन लावून सांगितलं की काल रात्री तुमची झोप उत्तम झाली किंवा खराब झाली, आकडे मनाचे. ज्यांना उत्तम सांगितलं त्यांना नंतरच्या डोक्याच्या चाचण्या चांगल्या जमल्या, ज्यांना खराब सांगितलं त्यांना वाईट, प्रत्यक्षात झोपले कसेही असोत. आमच्या ऑफिसात हल्ली सकाळी कोणाला विचारलं झोप झाली का, तर आधी मनगटाकडे बघतात. आपण ताजेतवाने आहोत की नाही हे आपल्या अंगाला विचारायचं असतं, आणि रोज दुसऱ्याला विचारत गेलो तर अंग सांगायचंही सोडून देतं.

मग करायचं काय? फोन फेकून द्या हे सांगणारी मी नाही, ते जमणारही नाही. पण काही गोष्टी मागता येतात आणि त्या मोठ्यानं मागायला पाहिजेत. शब्द सुचवणं, उत्तर सुचवणं, आठवणी निवडून दाखवणं हे सगळं नव्या फोनवर मुळात बंद असावं, ज्याला हवं त्यानं चालू करावं. आज उलटं आहे, ते चालूच येतं आणि बंद करायची जागा सेटिंगमध्ये पाच दारांच्या आत असते. सुचवणारं मशिन कशावर शिकलंय, माझ्या लिखाणावर की जगाच्या, ते साध्या भाषेत लिहिलेलं असावं. खातं बंद करायचं झालं तर त्याआधी माणसाला त्याचे फोटो, पत्रं, नंबर काढून घेता आले पाहिजेत आणि बोलायला समोर माणूस पाहिजे. युरोपात २०१८ पासून जो कायदा लागू आहे त्यात आपला डेटा उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क आहे, आणि निव्वळ यंत्रानं घेतलेल्या मोठ्या निर्णयात माणसानं लक्ष घालावं असं म्हणायचाही हक्क आहे. त्याची अंमलबजावणी किती चोख हा वेगळा विषय, पण हक्क कागदावर तरी आहे, तो जगातल्या प्रत्येकाला का नसावा?

शाळांनीही जरा विचार करावा. निबंध मशिननं लिहिला का ते पकडण्यात सगळी शक्ती चाललीय. त्यापेक्षा मुलांना वर्गात बसवून स्वतःच्या आयुष्यातल्या खऱ्या माणसाला खरं पत्र लिहायला लावा, मार्क देऊ नका, वाचूही नका, पाकिटात घालून पाठवायला सांगा.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं. वाचकांच्या पत्रांत हल्ली बरीचशी पत्रं एकाच हातानं लिहिल्यासारखी गुळगुळीत वाटतात, तुमच्याही लक्षात आलं असेल. कोणी मदत घेतली म्हणून पत्र नाकारू नका, ज्याला लिहिता येत नाही, हात चालत नाही, त्याला ती मदत हवीच. पण पत्राखाली एक ओळ छापायची प्रथा सुरू करा, हे पत्र कोणाच्या मदतीनं लिहिलं, लेकीला सांगून, मशिनकडून की आपलं आपणच. आणि जमलं तर एखाद्या रविवारी वाचकांना एकच प्रश्न विचारा की असं कुठलं काम आहे जे तुम्ही मशिनला कधीही देणार नाही, आणि येतील ती उत्तरं शुद्धलेखन न सुधारता छापा. सुरुवात माझ्यापासून करा, माणूस गेलेल्या घरी पाठवायचं पत्र मी मशिनला कधीही देणार नाही, आणि हे पत्र आपलं आपणच लिहिलंय.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक